भोपळ्यातला गंधार

प्रश्न : निवृत्तीनंतर रोज पहाटे अर्धा तास ध्यानाला बसतो. मन लागत नाही म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं मोबाइलवर ‘अँबियंट’ नावाचं संगीत लावून दिलं. ना ताल, ना चाल, ना शब्द. बराच वेळ नुसतं एक गुंजन. ऐकायला बरं वाटतं, पण आपण काय ऐकतोय तेच कळत नाही. याला संगीत म्हणायचं का? आपल्याकडे असं काही होतं का? आणि ऐकायचंच तर सुरुवात कशानं करावी? शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे, त्याचा आवाज पहाटेही असतो.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : संगीतच म्हणायचं, यात शंका नको. आणि त्याची एक मुळी तुमच्याच जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या शेतात रुजलेली आहे, म्हणून हा प्रश्न सोलापूरहून आल्याचं पाहून मला फार आनंद झाला.

आधी नावाबद्दल. ‘अँबियंट’ हे नाव रूढ केलं ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानं. १९७५ साली लंडनमध्ये अपघात होऊन तो घरी अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं हार्पवादनाची एक तबकडी दिली. ती गेल्यावर त्यानं कसंबसं उठून तबकडी लावली आणि परत आडवा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आवाज फारच बारीक आहे आणि एका बाजूचा स्पीकर बंद आहे. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. त्या पावसात मिसळून हार्पचे मोजकेच स्वर कानावर येत राहिले, आणि संगीत असंही ऐकता येतं हे त्याला उमगलं. ही हकिकत त्यानंच सांगितली आहे.

पुढे १९७८ साली त्याचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम आला. त्यातल्या एका रचनेत मानवी आवाजातले लांबवलेले एकेक स्वर आहेत. प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या वेटोळ्यावर घेतलेला आणि प्रत्येक वेटोळ्याची लांबी निराळी. त्यामुळे स्वर तेच राहतात, पण त्यांची गाठभेट दर वेळी नव्या ठिकाणी पडते. तुमच्या शेजारच्या कारखान्यात दोन माग थोड्या वेगळ्या गतीनं चालू असतील तर त्यांचे खटके मध्येच एकत्र येतात आणि पुन्हा लांब जातात, तसंच हे. अशा संगीतात काही घडत नाही, असं वरवर ऐकणाऱ्याला वाटतं. घडतं ते स्वराच्या आत आणि दोन स्वरांच्या मधल्या जागेत.

हे ऐकायचं शिक्षण आपल्याकडे तंबोरा देत आला आहे. मिरजेचा तंबोरा देशभर जातो. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठचे शेतकरी तो मुद्दाम लावतात. हा कडू भोपळा, खायच्या कामाचा नाही. वाळला की मिरजेच्या सतारमेकरांकडे जातो, तिथं कापून त्याला आकार देतात, तुणीच्या लाकडाची दांडी जोडतात.

मग येते जवारी. तंबोऱ्याच्या घोडीला धारदार कड नसते. तिचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार त्यावर टेकून पुढे जाते. कारागीर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालतो आणि केसभर पुढे, केसभर मागे सरकवत कान देऊन ऐकत राहतो. एका नेमक्या जागी बोदा आवाज एकदम खुलतो, तारेतून झंकार फुटतो. घोडीच्या उतारावर तार पुन्हा पुन्हा निसटती टेकत राहते, त्यामुळे मूळ स्वरावरचे उपस्वर एकामागून एक उमलत जातात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. एरवी तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथं ज्या उपस्वरांची स्थिर जागा असते ते उमटायला नकोत. तंबोऱ्याच्या तारेतून तेही उमटतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता तुम्ही करून बघा. तंबोरा लावा, मोबाइलवरचाही चालेल, आणि खर्जाच्या तारेकडे लक्ष द्या. पहिले काही दिवस नुसतं गुंजन ऐकू येईल. मग कधीतरी त्यातून स्वच्छ गंधार वर येताना ऐकू येईल. तो कोणी छेडलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येऊ लागला की मुलीनं लावून दिलेल्या संगीतात काय ऐकायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि हा दुवा नुसता मानलेला नाही. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. यंगला एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्याचा ध्यास आधीपासून होता. प्राणनाथांच्या तंबोऱ्यानं त्याला दिशा दिली. ‘द तंबुराज ऑफ पंडित प्राणनाथ’ हा त्याचा अल्बम १९९९ साली निघाला, त्यात नुसते तंबोरे आहेत, गाणं नाही. प्राणनाथांचा आणखी एक शिष्य जॉन हॅसल हा ट्रम्पेटवादक. गळ्यातली मींड ट्रम्पेटवर आणायला तो धडपडला, आणि १९८० साली त्यानं चक्क ईनोबरोबर ‘पॉसिबल म्युझिक्स’ हा अल्बम केला. सगळं अँबियंट संगीत आपल्याकडून गेलं, असं म्हणणं खोटं ठरेल. ईनोची वाट त्याची स्वतःचीच होती. पण तिला येऊन मिळालेली एक वाट किराण्याची आहे, हे लख्ख खरं.

ध्यानासाठी अखंड स्वर ही गोष्ट तर आपल्या गावोगावच्या सप्ताहात आजही आहे. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून ती गळ्यात घेतो, रात्री दोन वाजतासुद्धा. मंडपात तेव्हा चार माणसंही नसतात, तरी वीणा वाजत असते.

पुण्यातलंही सांगितलं पाहिजे. रजनीशांच्या कोरेगाव पार्कच्या आश्रमात १९७०च्या दशकात डॉयटर हा जर्मन वादक राहत होता. तिथल्या कुंडलिनी ध्यानासाठी त्यानं केलेलं संगीत अजूनही वापरात आहे. ते ठरावीक वेळांच्या टप्प्यांत बांधलेलं आहे, त्यामुळे त्या विधीबाहेर ऐकताना मला तरी ते तुटक वाटतं.

सुरुवात मी सांगेन ती अशी : आठवडाभर नुसता तंबोरा. मग प्राणनाथांचा ‘रागाज ऑफ मॉर्निंग अँड नाइट’. त्यात गाणं आहे, पण इतकं सावकाश की स्वराच्या आत शिरायला सवड मिळते. त्यानंतर ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. जपानच्या हिरोशी योशिमुराचा १९८२ सालचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ दुपारी ऐका, पहाटे नको. तो साधा, हसरा आहे. हॅसल सगळ्यांत शेवटी, कारण त्याचा ट्रम्पेट आधी अनोळखी वाटतो.

‘४३२ हर्ट्झ’, ‘५२८ हर्ट्झ’, रोग बरे करणारी कंपनं असले मथळे दिसले तर पुढे जा. कुठल्याही एका आकड्यात असा गुण असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मन निवतं ते संथपणानं, पुनरावृत्तीनं आणि तुमच्या लक्ष देण्यानं. तीव्र निद्रानाश असेल तर डॉक्टरकडे जा, संगीतावर विसंबू नका.

राहिला यंत्रमाग. त्याला झाकायला आवाज वाढवू नका आणि कानात बोंडं घालून तासन्‌तास बसू नका. मोबाइल हातभर लांब ठेवा आणि आवाज इतका कमी करा, की माग आणि संगीत दोन्ही ऐकू येतील. सुरुवातीला त्रास होईल. आठ-पंधरा दिवसांनी तरीही मागच पुढे येत असेल, तर ध्यानाची पहाट बदलून पाळी सुटायची वेळ गाठा.