गळाचा आकडा आणि माशाचे तोंड

मासे धरण्याच्या गळांचे क्रमांक मोठे गमतीचे असतात. १०, ८, ६, ४, २, १ असा आकडा उतरतो तसा गळ मोठा होत जातो. पुढे मात्र १/०, २/०, ३/० असा आकडा वाढला की गळही वाढतो. (हे अपूर्णांक नव्हेत, शून्याने भागायला जाऊ नका!)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीकडे, उन्हाळ्यात ‘फ्लूक’ नावाचा चपटा मासा गळाने धरतात. आपल्या लेप्याप्रमाणे तो तळाच्या वाळूत पडून असतो. तिथलाच विंटर फ्लाउंडर दिसायला तसाच. पण त्याचे तोंड इवलेसे, म्हणून त्याला ८ क्रमांकाचा बारीक गळ पुरतो. फ्लूकचा जबडा मोठा व दातेरी. त्याला ३/० ते ५/० चा गळ लावतात.

मग जाडात जाड गळच का घेऊ नये? तारेचा व्यास दुप्पट केला की तेवढीच वाकवायला १६ पट बल लागते. गळ सरळ होण्याची भीती गेली खरी. पण दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. टोक जाड तर ते रुतवायलाही जोर अधिक हवा, आणि नायलॉनची दोरी ताणली जाऊन हिसका मंदावते.

लहान गळ त्याहून वाईट. ठरावीक लांबीहून लहान फ्लूक परत सोडावा असा तिथे कायदा आहे. ओठात अडकलेला गळ काढून सोडलेला मासा बहुधा जगतो. गळ घशात गेला तर ती आशा फार कमी. मोठा गळ लहान मासा सहसा गिळू शकत नाही. मात्र आमिष लावल्यावर टोक आणि दांडा यांमध्ये मोकळी फट उरली पाहिजे, नाहीतर टोक जबड्याला लागणारच नाही.