क्रीडागुरूची कठोरता व आईबापांची माया

खेळानें शरीर सुदृढ होतें आणि शीलही घडतें, हें वचन आपल्या कानांवरून अनेकदां गेलेलें असतें. परंतु शील घडविणारा हा खेळ स्वतः कोणाच्या हातीं असतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. चेंडू, मैदान व नियम हीं निर्जीव साधनें होत. त्यांना चांगलें वा वाईट वळण देणारे दोघे: एक शिकविणारा गुरु, आणि दुसरे घरीं वाट पाहणारे आईबाप. गुरूचा हात फार कठोर झाला किंवा आईबापांचा हात फार घट्ट झाला, तर मधल्या विद्यार्थ्याची काय अवस्था होते, याचा अभ्यास करण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसारखें दुसरें क्षेत्र नाहीं. कारण महाविद्यालयीन खेळांना तेथें जें महत्त्व आहे, तें अन्यत्र क्वचितच आढळेल.

या खेळांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८५२ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड व येल येथील विद्यार्थ्यांमध्यें नावांची शर्यत झाली. त्या देशांतील महाविद्यालयांमधला हा पहिला सामना समजला जातो, आणि त्याचा खर्च एका आगगाडीच्या कंपनीनें केला. हेतु हा कीं, शर्यतीच्या निमित्तानें उतारू यावे. म्हणजे व्यापार हा पहिल्या दिवसापासूनच या खेळांचा सोबती होता. पुढें १९०५ पर्यंत अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल इतका दांडगाईचा झाला कीं, त्यांत तरुण विद्यार्थी प्राणांस मुकूं लागले. तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजाविलें. त्या खळबळींतून १९०६ सालीं जी संस्था निघाली, तिलाच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट अॅथ्लेटिक असोसिएशन हें नांव मिळालें. आज तिच्या छत्राखालीं सुमारें पांच लक्ष विद्यार्थी खेळतात, आणि कित्येक संस्थानांत सरकारी पगारपत्रकावरील सर्वांत मोठें वेतन गव्हर्नराचें नसून विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल शिकविणाऱ्या प्रशिक्षकाचें असतें. ज्याला इतकें वेतन, त्याच्याकडून विजयाची अपेक्षाही तितकीच मोठी. आणि ही अपेक्षा शेवटीं ज्याच्या पाठीवर उतरते, तो अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी होय.

कठोर शिक्षणाचा प्रसिद्ध दाखला म्हणजे टेक्सास संस्थानांतील जंक्शन या गांवची छावणी. १९५४ सालीं पॉल ब्रायंट या प्रशिक्षकानें टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ तेथें दहा दिवस नेला. अवर्षणानें जमीन करपली होती, ऊन रणरणत होतें, आणि सरावाच्या वेळीं पाणी पिणें हें दुबळेपणाचें लक्षण मानण्याचा तो काळ होता. निम्म्याहून अधिक खेळाडू छावणी सोडून गेले. एकजण तर उष्माघातानें मरतां मरतां वांचला. एवढें करून त्या हंगामांत संघानें दहापैकीं नऊ सामने गमावले. दोन वर्षांनीं त्याच महाविद्यालयानें आपल्या विभागाचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां लोक म्हणूं लागले कीं, हें सारें जंक्शनच्या तपश्चर्येचें फळ. येथें विचार करणाऱ्यानें थांबावें. विजय मागाहून आला, एवढ्यावरून तो तहानेमुळेंच आला असें सिद्ध होत नाहीं. जे टिकले त्यांची कथा सर्वांनीं ऐकली. जे निघून गेले त्यांच्यांत किती चांगले खेळाडू होते, याचा हिशेब कोणीं ठेवला?

दुसरें उदाहरण इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट यांचें. १९७१ पासून २००० पर्यंत त्यांनीं तेथें बास्केटबॉल शिकविला. १९७६, १९८१ व १९८७ या तीन वर्षीं त्यांच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि त्यांपैकीं पहिल्या वर्षीं तर एकही सामना न हरतां. शिष्यांनीं अभ्यास पुरा करून पदवी घ्यावी, याविषयींही त्यांचा कटाक्ष असे, आणि कित्येक शिष्य त्यांचें नांव आदरानें घेतात. परंतु त्यांचा क्रोध अनावर होता. १९८५ च्या फेब्रुवारींत पर्ड्यू विद्यापीठाशीं सामना चालू असतां पंचांवर संतापून त्यांनीं एक खुर्ची मैदानावर भिरकाविली. १९९७ मधील सरावाच्या वेळीं त्यांचा हात एका खेळाडूच्या गळ्यापाशीं गेल्याचें चलच्चित्र २००० सालीं उजेडांत आलें. विद्यापीठानें त्यांस निक्षून ताकीद दिली. पण त्याच वर्षीं सप्टेंबरांत एका विद्यार्थ्याचा दंड धरल्याचें प्रकरण उद्भवलें आणि त्यांस काढून टाकण्यांत आलें. त्या वेळीं हजारों विद्यार्थी निदर्शनें करीत निघाले, तीं गुरूच्या बाजूनें! विजयाचें तेज डोळ्यांवर पडलें म्हणजे अन्यायाची छाया दिसेनाशी होते, ती अशी.

मग खेळाडू हें सारें मुकाट्यानें कां सोसतात? याचें कारण बरेंचसें व्यवस्थेंत आहे. १९७३ पासून खेळाची शिष्यवृत्ति एका वर्षापुरती असे. ती पुढें चालू राहणें बहुतांशीं प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ति देण्याची मुभा २०१२ पासून मिळाली. फुटबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्यानें विद्यापीठ बदललें, तर एक वर्ष सामन्यांबाहेर बसावें, असाही नियम २०२१ पर्यंत होता. ज्याच्या हातीं शिक्षणाचा खर्च, संघांतील जागा व भविष्याची आशा, त्याच्यापुढें तोंड उघडण्यास धैर्य कोठून यावें? न्यू जर्सी संस्थानांतील रटगर्स विद्यापीठाचा बास्केटबॉल शिक्षक सरावांत खेळाडूंस ढकली, त्यांच्या अंगावर चेंडू फेंकी व अर्वाच्य शिव्या देई. अधिकाऱ्यांनीं त्याचीं चलच्चित्रें पाहिलीं होतीं. तरी डिसेंबर २०१२ मध्यें तीन सामन्यांची बंदी व ५०,००० डॉलर दंड यांवरच प्रकरण मिटविण्यांत आलें. एप्रिल २०१३ मध्यें तींच चित्रें जनतेनें पाहिलीं, आणि मग मात्र एका दिवसांत त्यास निरोप मिळाला.

याहून हृदयद्रावक घटना मेरीलँड विद्यापीठांतील आहे. २९ मे २०१८ रोजीं फुटबॉल संघ धांवण्याचा सराव करीत असतां जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा खेळाडू उष्माघातानें कोसळला. अशा वेळीं काय करावयाचें, हें वैद्यकशास्त्रानें स्पष्ट सांगितलेलें आहे: रोग्यास प्रथम बर्फाच्या थंड पाण्यांत बुडवून शरीराची उष्णता त्वरित उतरवावी, आणि नंतर रुग्णालयांत न्यावें. हें अर्ध्या तासाच्या आंत झालें, तर प्राण बहुधा वांचतो. येथें थंड पाण्याचा तो उपाय झालाच नाहीं. रुग्णवाहिकेस बोलावण्यांत सुमारें एक तास गेला. १३ जून रोजीं तो विद्यार्थी मरण पावला. पुढें विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली, आणि ३१ ऑक्टोबर रोजीं मुख्य प्रशिक्षकास दूर करण्यांत आलें. चौकशींत हेंही दिसून आलें कीं, अनेक खेळाडूंना अडचणी बोलून दाखविण्याची भीति वाटत असे. कठोरतेचा खरा धोका येथें आहे. शिवीचा व्रण कालांतरानें भरेल. पण “मला सोसत नाहीं” हे शब्द उच्चारण्यास विद्यार्थी भिऊं लागला, म्हणजे शिक्षकाला शिष्याचें शरीर कळण्याचा मार्गच बंद होतो.

तर मग कठोरतेवांचून यश नाहीं काय? याचें उत्तर जॉन वुडन यांच्या चरित्रांत सांपडतें. हे पूर्वीं शाळेंत इंग्रजी शिकवीत. १९४८ सालीं ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत बास्केटबॉल शिकविण्यास आले. पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळण्यास १९६४ साल उजाडलें. मात्र नंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत त्यांच्या संघानें तें दहा वेळां जिंकलें, त्यांपैकीं सात वेळां ओळीनें. पहिल्या दिवशीं ते काय शिकवीत? पायमोजे कसे घालावे! मोजाला सुरकुती पडली तर पायाला फोड येतो, आणि फोड आला तर खेळ बिघडतो. प्रत्येक सरावाचा क्रम ते लहान कार्डांवर आधीं लिहून ठेवीत. १९७४-७५ च्या हंगामांत रोलंड थार्प व रोनल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं त्यांच्या पंधरा सरावांस बसून शिकविण्याच्या २,३२६ कृतींची नोंद केली. त्यांत निव्वळ स्तुति शेंकडा सुमारें सात आणि निव्वळ रागावणें तेंही तितकेंच. जवळजवळ निम्मा वांटा केवळ माहितीचा होता: काय करावें व कसें करावें. चूक झाली कीं ते योग्य रीत करून दाखवीत, मग चुकीची, आणि पुन्हा योग्य. वुडन यांचा सराव सोपा मुळींच नव्हता. जो आळस करी त्याला बांकावर बसावें लागे. परंतु त्यांची कठोरता कामाविषयीं होती, माणसाविषयीं नव्हती. “तुझा पाय चुकला” असें म्हणणें निराळें, आणि “तूं नालायक आहेस” असें म्हणणें निराळें. पहिल्यानें पाय सुधारतो. दुसऱ्यानें मन मोडतें व पाय होता तसाच राहतो.

आतां आईबापांकडे वळूं. अमेरिकेंत माध्यमिक शाळेंत खेळणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें दोघांनाच महाविद्यालयाची क्रीडा-शिष्यवृत्ति मिळते. तरीही त्या दोघांत आपलें मूल असावें, या आशेनें कित्येक कुटुंबें बालपणापासून जिवाचें रान करतात. टॉड मॅरिनोव्हिच या मुलाचे वडील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे एके काळचे नायक होते. त्यांनीं पाळण्यापासून मुलाचा आहार, व्यायाम व दिनक्रम आंखून दिला. हेतु एकच, त्याला श्रेष्ठ खेळाडू बनविणें. मुलगा खरोखरच वडिलांच्या विद्यापीठांत चमकला, आणि १९९० च्या पहिल्या दिवशीं त्याच्या संघानें सुप्रसिद्ध रोझ बोल सामना जिंकला. परंतु त्याच वर्षाअखेर त्याचा प्रशिक्षकाशीं मैदानावर उघड खटका उडाला. जानेवारी १९९१ मध्यें अंमली पदार्थ बाळगल्यावरून त्याला अटक झाली. आणि नॅशनल फुटबॉल लीगमधील त्याची कारकीर्द दोन हंगामांत आटोपली. त्याच्या दुर्दैवाचें सारें खापर एकट्या वडिलांवर फोडणें न्याय्य नव्हे. तथापि ज्याच्या आयुष्यांत प्रत्येक घास व प्रत्येक तास दुसऱ्यानें ठरविला, त्याला स्वतः निवड करण्याचा अभ्यास घडावा कोठें?

मायेचा अतिरेक नीतीलाही कसा ग्रासतो, हें मार्च २०१९ मध्यें जगाला दिसलें. श्रीमंत आईबापांनीं एका दलालामार्फत प्रशिक्षकांस लांच देऊन आपलीं मुलें खेळाडू असल्याचें भासविलें व नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळविले, असा खटला उभा राहिला. पन्नासाहून अधिक जणांवर आरोप ठेवण्यांत आले. एका प्रसिद्ध नटीनें व तिच्या पतीनें दोन मुलींसाठीं पांच लक्ष डॉलर दिले. नौकास्पर्धेशीं त्या मुलींचा कांहीं संबंध नव्हता. पण वल्हीं मारण्याच्या यंत्रावर बसवून त्यांचीं छायाचित्रें काढण्यांत आलीं. २०२० सालीं पतिपत्नी दोघांनाही कारावास भोगावा लागला. या आईबापांना मुलींवर प्रेम नव्हतें असें नाहीं; पण तुमच्या स्वतःच्या बळावर आमचा विश्वास नाहीं, हीच गोष्ट त्या प्रेमानें मुलींस सांगितली.

मग पालकांनीं हात झाडून दूर राहावें काय? तसेंही नाहीं. अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यान्वयें विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयांत गेला, म्हणजे त्याच्या शैक्षणिक दप्तरावरील हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. आपल्याकडील जुनें नीतिवचनही हेंच सांगतें: लहानपणीं लाड, मग शासन, आणि सोळावें वर्ष लागतांच मुलाशीं मित्रासारखें वर्तन. मित्र आपल्या मित्राचा सामना स्वतः खेळत नाहीं. पण मित्र बुडत असतां कांठावर स्वस्थही बसत नाहीं. जॉर्डन मॅकनेअरच्या आईबापांनीं हा धर्म आचरून दाखविला. पुत्रशोक गिळून त्यांनीं उष्माघाताविषयीं शिक्षक व पालक यांस जागृत करण्यासाठीं एक संस्था काढली. आणि २०२१ सालीं मेरीलँड संस्थानानें खेळाडूंच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्यास त्यांच्या मुलाचें नांव दिलें गेलें. संघांत जागा कोणाला द्यावी, कोणता डाव खेळावा, हा गुरूचा अधिकार. त्यांत आईबापांनीं पडूं नये. परंतु मुलाचा प्राण, प्रकृति व प्रतिष्ठा यांवर घाला येत असेल, तर गप्प राहणें हाच दोष होय.

अलीकडे व्यवस्था पालटत आहे. २०२१ पासून खेळाडूला आपल्या नांवलौकिकावर द्रव्य मिळवितां येतें, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनें विद्यापीठांस त्यांना प्रत्यक्ष मोबदला देण्याची वाट मोकळी झाली. यामुळें गुरूची निरंकुश सत्ता कमी होईल. पण पैशाबरोबर कुटुंबाचा लोभही वाढण्याचा संभव आहे. सारांश, नियमांनीं एक दार लावलें तर दुसरें उघडतें. राखण शेवटीं माणसांनींच करावयाची असते.

विद्यार्थिमित्रहो, या विवेचनांतून आपणही कांहीं घेण्याजोगें आहे. शिक्षक आपली चूक कडक शब्दांत दाखवील, तर ती ऐकावी व सुधारावी. त्याबद्दल घरीं गाऱ्हाणें नेऊं नये. मात्र भोंवळ येत असेल, छातींत दुखत असेल, किंवा कोणी आपल्या देहास वा मानास इजा करीत असेल, तर तें तत्काळ बोलावें. आणि सोबत्याची तशी अवस्था दिसली, तर त्याच्या वतीनें आपण बोलावें. सोसणें केव्हां व बोलणें केव्हां, हें ज्याला कळलें, त्याला मैदानानें शिकवावयाचें तें शिकविलें, असें समजण्यास हरकत नाहीं.