दे, पण आपल्या हिश्श्यातलं

चि. बंडूस,


परवा वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, की गावच्या देवळाच्या कमानीला तू पाच लाख कबूल केलेस, कमानीवर दुकानाचं नाव येणार, आणि दुकानातल्या पोरांचा दोन महिन्यांचा पगार थकलाय. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. खरं आहे का रे हे?

देऊ नकोस असं मी कशी म्हणेन? पण पहाटे चारला येऊन बटाटे उकडणाऱ्या पोराचा पगार अडकवून कमान उभी राहणार असेल, तर ते दान कसलं?

मागे तुला चक फीनीबद्दल सांगितलं होतं. न्यू जर्सीतला साध्या घरातला मुलगा. कॉर्नेलमध्ये हॉटेलचं शिक्षण घेताना पोरांना सँडविच विकायचा. पुढे युरोपच्या बंदरांत अमेरिकी नौसैनिकांना करमुक्त दारू विकली आणि 1960 मध्ये रॉबर्ट मिलरबरोबर ड्यूटी फ्री शॉपर्स काढलं. जपानी प्रवासी त्यांच्या दुकानांतून कोन्याकच्या बाटल्या घेऊन जायचे. असा जम बसलेला असताना, 1984 मध्ये, त्याने आपला सगळा हिस्सा, 38.75 टक्के, स्वतःच काढलेल्या दानसंस्थेला गुपचूप देऊन टाकला. आयर्लंडपासून व्हिएतनामपर्यंत विद्यापीठं, दवाखाने त्या पैशांतून उभे राहिले. जगाला कळलं ते थेट 1997 मध्ये. 2020 पर्यंत 800 कोटी डॉलर वाटून त्याने संस्थाही बंद केली. स्वतः भाड्याच्या घरात राहिला.

नाव लपवलं म्हणून त्याचं कौतुक सगळेच करतात. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: दिला तो स्वतःचा हिस्सा. मिलरच्या वाट्याला हात लावला नाही. तुझ्या गल्ल्यात पोरांचा वाटा आहे, बाळा. तो आधी बाजूला काढ. उरेल ते तुझं, त्यातलं खुशाल दे.

तुझ्या आजोबांच्या, अण्णांच्या दुकानात गल्ल्यावर मी बसायचे, ठाऊक आहे ना तुला? दर शनिवारी हमालांचे पैसे मोजून झाल्याशिवाय अण्णा घरखर्चाला नोट काढत नसत. ते दुकान आपण चालवावं असं मला फार वाटायचं. लग्न ठरलं आणि गल्ला सुटला. ती रुखरुख अजून जात नाही. म्हणून तू वडापावची गाडी लावलीस तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता.

जास्त बोलले असेन. देण्याची बुद्धी तुला आहे, ती सगळ्यांना नसते, अण्णांचीच ती. पण पोरांचा पगार या आठवड्यात कर. कमी पडत असतील तर व्याजाने काढू नकोस, माझी ठेव मोडू. कमानवाल्यांना मी सांगेन, माझं ऐकतील ते. आणि रात्री वेळेवर जेवत जा. वहिनी म्हणाली, वाळलायस.

तुझी,
आत्या