प्राणायाम आणि प्राणलिंग



येथे विद्यानगरात चिंतनाच्या वेळी भाविकांकडून एक प्रश्न वरचेवर येतो : "महाराज, आम्ही नित्य प्राणायाम करतो. मन शांत होते, अंगात उत्साह राहतो. मग इष्टलिंगपूजा वेगळी कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शरणांच्या वाटेनेच शोधावे.

प्रथम प्राणायामाचे मोल जाणावे. पतंजलींच्या अष्टांगयोगात ते चौथे अंग आहे. हृदयाचे ठोके आपल्या आज्ञेत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही आवरता येतो. म्हणून मनाकडे जाण्याचे ते सुलभ द्वार होय. क्रोधात श्वास तोकडा होतो, स्वस्थतेत लांबतो. रेचकाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून दीर्घ रेचकाने मन निवते. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय तपासणी आरंभिली. २००१ मध्ये इटलीतील संशोधक बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, मंत्राच्या संथ पठणाने श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची व रक्तदाबाची लय सुधारते.

परंतु शक्ती आली म्हणजे 'मी'पण गेले, असे नव्हे. चामरसाच्या 'प्रभुलिंगलीले'त आणि 'शून्यसंपादने'त गोरक्ष व अल्लमप्रभू यांच्या भेटीची कथा आहे. योगबळाने गोरक्षांचा देह वज्रासमान झाला होता. अल्लमांनी खड्ग चालविले, तेव्हा ते त्या देहावर खणखणले. गोरक्षांनी अल्लमांवर चालविले, तेव्हा ते पोकळीतून जावे तसे आरपार गेले. गोरक्षांची थोरवी उणी करण्यासाठी ही कथा नाही. खणखणाट झाला तो देहाभिमानाचा, हे त्यातील वर्म आहे. गोरक्षांनी ते ओळखले व प्रभूंचा उपदेश स्वीकारला.

षट्स्थलात चौथे स्थल प्राणलिंगीचे. तेथे प्राण जिंकायचा नसून लिंगाला अर्पण करायचा असतो. मिनिटाला १५ श्वास धरले तर अहोरात्रात २१,६०० होतात. योगग्रंथांतील अजपाजपाचा आकडाही हाच. इतक्या वेळा अर्पणाची संधी येते, आणि आपण ती चिंतेत व मत्सरात दवडतो. म्हणून पूजा वेगळी नाही. प्राणायामाला दिशा देणारी तीच आहे.

आचरण सोपे आहे. करपीठावर इष्टलिंग घ्यावे, दृष्टी स्थिर करावी. श्वास सहज आत येऊ द्यावा. सोडताना हळू स्वरात, लांबवून 'नमः शिवाय' म्हणावे. दहा मिनिटे पुरेत. श्वास कोंडू नये. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी कुंभक व भस्त्रिका वैद्याच्या सल्ल्याविना करू नये. जोरजोराने श्वास घेतल्यावर येणारी चक्कर व हातापायांच्या मुंग्या ही कुंडलिनीची जागृती नव्हे. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटल्याची ती खूण आहे. तेथेच थांबावे.

साधना फळली की नाही, हे किती वेळ श्वास रोखला यावरून ठरत नाही. घरात कुणी उणा शब्द बोलले असता आपला श्वास कसा चालतो, तेथे पाहावे. तो संथ राहिला, तर प्राण लिंगाच्या वाटेला लागला असे समजावे.

शरणु शरणार्थी.