नाव विसरलं, मैत्री नाही

प्रश्न : शेजारच्या आजी म्हणजे माझ्या सात वर्षांच्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण. हल्ली त्या तिचं नाव विसरतात, मग ती हिरमुसते. एखादं चित्रपुस्तक सुचवाल?
– एक आई, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : ऑस्ट्रेलियातल्या मेम फॉक्स यांच्या १९८४ च्या एका इंग्रजी चित्रपुस्तकात छोटा मुलगा वृद्धाश्रमातल्या ९६ वर्षांच्या मैत्रिणीला शिंपले, कोमट अंडं, फुटबॉल नेऊन देतो, एकेका वस्तूतून आठवण जागी होते. ती गोष्ट मराठीतून सांगा. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ दोघींना एकत्र पाहू द्या. ‘आठवतंय का?’ असं मात्र विचारू नये. आजींच्या हाती जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा द्या. नाव आठवलं नाही, तरी गप्पा रंगतील.