तगर नगरीचे तेर

धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव वसलेले आहे. येडशीच्या बाजूने येणारा वाटसरू प्रथम बालाघाटचे खडकाळ डोंगर आणि रामलिंगची झाडी पाहतो. पुढे खुरट्या गवताचे माळ लागतात आणि मग तेरणेच्या खोऱ्यातील काळी, सपाट जमीन पसरत जाते. ज्वारी, तूर आणि हरभरा ही येथील नेहमीची पिके. पाऊस बेताचाच पडतो. वर्षाचे बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते आणि स्वच्छ उन्हात दूरवरची टेकाडेही स्पष्ट दिसतात.

या गावापासून कोकणचा समुद्रकिनारा तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मध्ये भीमेचे खोरे आहे, पठार आहे आणि सह्याद्रीची उंच भिंत आहे. तेरणेचे पाणीदेखील पश्चिमेकडे जात नाही. ते मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते आणि शेवटी ते पाणी पूर्वसमुद्रात पोचते. असे असूनही तेरचे नाव प्रथम कोरले गेले ते पश्चिम समुद्रावर जहाजे हाकणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांच्या स्मरणात!

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एक छोटेखानी पुस्तक लिहिले गेले. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते आज ओळखले जाते. त्याच्या लेखकाचे नाव कोणासही ठाऊक नाही. परंतु तो समुद्रावर वावरलेला, व्यवहारी मनुष्य असावा, असे त्याच्या लेखनावरून दिसते. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कोणता माल मिळतो, धोका कोठे आहे, एवढेच तो सांगतो. दक्षिणापथातील बाजारपेठांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या, असे त्याने नमूद केले आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण ही पहिली, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर ही दुसरी. तगरला तो फार मोठे नगर म्हणतो. तेथून साधे कापड पुष्कळ प्रमाणात येते, नाना प्रकारची तलम मलमल येते, आणि समुद्रकाठच्या प्रदेशातून तेथे गोळा झालेला इतर मालही येतो, असे त्याचे सांगणे आहे.

ही वाट सोपी नव्हती. बांधलेले रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून बैलगाड्यांचे तांडे माल घेऊन जात. एका बाजूचा प्रवास एक महिन्याचा होई. मग प्रश्न असा पडतो, की कल्याणसारखे बंदर त्या मानाने जवळ असता व्यापारी इतक्या दूर भडोचला का जात असत? याचे उत्तरही त्याच पुस्तकात मिळते. कल्याण ही पूर्वी चांगली पेठ होती. परंतु पुढे राज्यकर्त्यांच्या आपसांतील वैरामुळे तेथील व्यापाराला अडथळा झाला. चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहारा देऊन भडोचला नेली जात. किनाऱ्यावरील सत्तेच्या भांडणाचा भार असा तेरणेकाठच्या बैलांच्या मानेवर पडला!

भडोचला पोचणेही जहाजांना कठीण होते. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी प्रचंड असते, की नवखे जहाज गाळात रुतून उलटावे. म्हणून तेथील राजाने वाकबगार कोळी नेमले होते. ते मोठ्या नावा घेऊन समुद्रात पुढे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवीत बंदरात आणीत. ही जहाजे मिसर देशाच्या किनाऱ्यावरून जुलै महिन्याच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बळावर भारताकडे येत. त्यांतून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्यारूप्याची नाणी येत. जाताना ती सुती कापड, हस्तिदंत, अकीक आणि लांब मिरी अर्थात पिंपळी घेऊन जात. जो वारा तेरच्या शेतकऱ्याला पाऊस देई, तोच वारा तेरच्या विणकराला गिऱ्हाईक आणून देई.

तथापि हे तगर म्हणजे नेमके कोणते गाव, हे पुढे कित्येक शतके लोक विसरून गेले. कोणी म्हणाले देवगिरी, कोणी म्हणाले जुन्नर. अखेर इ. स. १९०१ मध्ये फ्लीट या संशोधकाने तगर म्हणजे तेर होय, असे प्रतिपादन केले आणि ते सर्वमान्य झाले. शब्दाच्या रूपावरूनही ते पटते. ‘नगर’ या शब्दातील ‘ग’ बोलता बोलता झिजला आणि अमळनेर, पिंपळनेर या नावांतील ‘नेर’ तयार झाले. त्याच रीतीने ‘तगर’चे ‘तेर’ झाले. जुन्या नगरीचे नाव लोप पावले नव्हते. लोकांच्या जिभेवर ते केवळ लहान झाले होते. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तर ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी, ही बिरुदावली अभिमानाने मिरवीत. ठाण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर राज्य करतानाही आपले मूळ त्यांनी तेरणेकाठी सांगितले, यावरून या नगरीची थोरवी कळून येते.

आजचे तेर पाहताना प्रथम लक्ष वेधून घेतात ती गावात व गावाभोवती असलेली टेकाडे. शेतीची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’, असा भेद मराठी शेतकरी पूर्वापार करीत आला आहे. शेकडो वर्षे घरे बांधली जातात, पडतात, त्यांवर पुन्हा घरे उभी राहतात; राख, भिंतींची माती, खापरे यांचे थर साचतात आणि जमीन उंच व पांढुरकी होते. तेरची कोट टेकडी, बैराग टेकडी ही अशीच पांढरीची टेकाडे आहेत. १९५८ च्या सुमारास आणि त्यानंतरही अनेकदा येथे शास्त्रशुद्ध उत्खनने झाली. विटांचा एक बौद्ध स्तूप, सातवाहनांची नाणी, हरतऱ्हेचे मणी, शंखाच्या बांगड्या, आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या, साच्यातून काढलेल्या सुबक पोकळ मूर्ती अशा वस्तू या भूमीतून प्रकट झाल्या. रोमन नाण्यांचे ठसे घेऊन केलेली मातीची पदकेही सापडली. परदेशी नाणे पाहून येथील कारागिराला त्याचे कौतुक वाटले असावे. सोने नाही तर नाही, त्याने तो मुखवटा मातीत उतरविला!

या सर्वांत विशेष गाजली ती हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. इटली देशातील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील उत्खननात एक भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. तेरची मूर्ती आणि ती मूर्ती यांत जवळचे साम्य आहे. त्यामुळे पाँपेईची मूर्ती मराठवाड्याच्या परिसरातूनच तिकडे गेली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

या वस्तू आज पाहावयास मिळतात, याचे मोठे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांकडे जाते. पावसाची सर येऊन गेली, की टेकाडांवरची माती वाहून जाते आणि मणी, नाणी, मूर्तींचे तुकडे उघडे पडतात. जुन्या काळी माळवदी घरांच्या धाब्यांवर घालण्यासाठी पांढरीची माती उकरून नेण्याची चाल मराठवाड्यात सर्वत्र होती. अशा मातीबरोबर किती इतिहास छपरांवर गेला आणि पावसात विरघळला, याची गणती नाही. जे दुसऱ्यांच्या लेखी खापर होते, ते लामतुरे यांनी धन मानले. वर्षानुवर्षे त्यांनी हजारो वस्तू जमविल्या आणि जपल्या. त्यांचा तो संग्रह तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाचा पाया झाला असून, त्या संग्रहालयास त्यांचेच नाव दिलेले आहे.

गावातील त्रिविक्रम मंदिर हे महाराष्ट्रातील अत्यंत जुन्या विटांच्या वास्तूंपैकी एक होय. त्याची मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धवर्तुळाकार आहे. आत एक पाय उंच उचललेल्या त्रिविक्रम विष्णूची मूर्ती आहे. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. त्या काळच्या येथील काही विटा इतक्या सच्छिद्र व हलक्या आहेत, की त्या पाण्यावर तरंगतात. पाहणारा आश्चर्यचकित होतो. परंतु हा चमत्कार नव्हे, हे कुंभाराचे कसब आहे. मातीत तूस मिसळले, की ते भट्टीत जळून जाते, त्याच्या जागी पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते.

मातीचे हे कसब तेरमध्ये पुढे भक्तीच्या रूपाने फळास आले. संत गोरोबाकाका हे तेरचेच कुंभार. नदीकाठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात तेथे मोठी यात्रा भरते. संतांच्या मेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे गोरोबांनी थापटण्याने ठोकून पाहिल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. त्या परीक्षेत नामदेवांचे मडके कच्चे ठरले. आणि तो बोल मनास लावून घेऊन नामदेवांनी पुढे गुरूचा शोध केला, असे परंपरा सांगते. आज संशोधकही तेरची खापरे हाती घेऊन त्यांचा रंग, जाडी, भाजणी तपासतात आणि त्यांवरून काळ ठरवितात. मडक्याची पारख हीच जणू या गावाची विद्या आहे.

रोमशी चालणारा व्यापार पुढे ओसरला, व्यापाराच्या वाटा पालटल्या आणि मोठ्या नगरीचे हळूहळू साधे गाव झाले. तिची कोणी शिलालेखांत कहाणी लिहून ठेवली नाही. ती लिहिली गेली आहे ती मातीच्या थरांत. कोणता थर वर, कोणता खाली, कोणत्या वस्तूशेजारी कोणती वस्तू पडली होती, यावरूनच ती वाचता येते. म्हणून टेकाडावर सापडलेला मणी खिशात घालून नेणारा मनुष्य केवळ एक मणी नेत नाही. तो त्या पोथीतील एक अक्षर खोडून टाकतो. तेच अक्षर जाणत्यांच्या हाती सोपविणारा मनुष्य, लामतुरे यांच्याप्रमाणे, आपल्या गावाला त्याचे नाव परत मिळवून देतो.

स्वाध्याय

१. तगर नगरीतून कोणकोणता माल भडोचला जात असे?
२. कल्याण जवळ असूनही व्यापारी भडोचला का जात?
३. ‘तगर’ या शब्दाचे ‘तेर’ कसे झाले, ते दुसऱ्या उदाहरणाच्या आधारे सांगा.
४. ‘किनाऱ्यावरील सत्तेच्या भांडणाचा भार तेरणेकाठच्या बैलांच्या मानेवर पडला,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ यांतील फरक सांगा. तुमच्या गावातील पांढरीची जागा कोणती, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा.
६. शेतात जुने नाणे सापडले तर काय करणे योग्य ठरेल? पाठाच्या आधारे दहा ओळी लिहा.