रांगेचा कारभार

चि. सायलीस,


कॉलेजच्या क्लस्टरवर स्लर्म बसवायचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. पुण्यात आयसरच्या परम ब्रह्म महासंगणकावरही हाच शेड्युलर आहे, तेव्हा या कामात शिकलेलं वाया जाणार नाही.

नोडची एकमेकांना ओळख पटवणाऱ्या मंजची किल्ली सगळ्या नोडवर एकच, घड्याळं जुळलेली, कॉन्फिगरेशन फाइल सगळीकडे सारखी. एवढं केलंस की नोड बोलू लागतील. खरी कटकट पुढे आहे. स्लर्म तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि त्यावरच हिशेब मांडतो.

मेमरीचंच बघ. बिलावर ६४ जीबी लिहिलंय म्हणून रिअलमेमरीपुढे ६५५३६ टाकशील, पण लिनक्सला त्याहून थोडी कमीच दिसते. मग नोड 'ड्रेन'मध्ये जाऊन बसतो आणि नवीन काम घेत नाही. प्रत्येक नोडवर स्लर्मडी कॅपिटल सी पर्यायासह चालव. तो सांगेल त्याहून आकडा जरा कमीच लिही.

कोअरबरोबर मेमरीचाही हिशेब ठेवायला सांगितलंस, पण प्रतिकोअर डिफॉल्ट मेमरी दिली नाहीस, तर मेमरी न मागणाऱ्या कामाला नोडची सगळी मेमरी मिळते. चाळीस कोअरच्या नोडवर एका कोअरचं काम ऐसपैस पसरतं आणि एकोणचाळीस कोअर माश्या मारत बसतात. डिफॉल्ट मेमरीची ओळ विसरू नकोस. सीग्रुपने मर्यादा पाळायलाही लाव, नाहीतर लोक दोन जीबी मागून वीस खातील.

वेळेचं तर विचारूच नकोस. समज, रांगेत पहिल्या कामाला चार नोड हवेत. तीन मोकळे आहेत, चौथा सहा तासांनी सुटणार. मधल्या काळात पाच तासांचं छोटं काम त्या तिनांवर उरकता येतं. यालाच बॅकफिल म्हणतात, आणि स्लर्ममध्ये ते मुळातच चालू असतं. पण प्रत्येकाने 'असू दे' म्हणून सात दिवस लिहिले तर फटीत बसवायला कामच उरत नाही. म्हणून कमाल मुदत ठरव आणि डिफॉल्ट मुदत मुद्दाम तोकडी ठेव, एक तास पुरे. एक-दोघांची कामं अर्ध्यात मेली की सगळे वेळ नीट लिहायला लागतात. ओरडतील, ओरडू दे.

'माझ्या विद्यार्थ्याचं आधी घे' म्हणणारे सर भेटतीलच. हाताने रांग हलवू नकोस, एकदा हलवलीस की रोज हलवावी लागेल. वापराची नोंद ठेवणारा स्लर्मडीबीडी बसवून फेअरशेअर लाव, म्हणजे ज्याने जास्त वापरलं तो रांगेत मागे जाईल. जुन्या वापराचं वजन मुळात सात दिवसांत अर्धं होतं. छोट्या विभागाला दोन आठवडे बरे, असं माझं मत. मग सरांपुढे कामांचा अग्रक्रम दाखवणाऱ्या स्प्रायोचे आकडे ठेव.

फाइल तयार झाली की चालू करण्याआधी मला पाठव.

तुझा,
मामा